टाळू रुंद केला की मुलाचं घोरणं थांबेल का?

विश्रामबागेतल्या एका आईने विचारलंय. मुलगा साडेआठ वर्षांचा. तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो, रात्रभर पलंगभर फिरतो, घामाने उशी भिजते आणि आठवड्यातून एक-दोनदा अंथरूणही. सकाळी उठता उठत नाही. शाळेतून तक्रार येते की एका जागी बसत नाही. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, 'टाळू अरुंद आहे, रुंद करायची क्लिप लावू, घोरणंही जाईल.' सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडून होऊ देत, एवढ्यात कशाला तोंडात लोखंड. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: 'ह्यांचंही घोरणं फार आहे. मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळा लागतो. त्यांनाही क्लिप चालेल का?'

ताई, मी चोवीस वर्षं सांगलीत वाकडे दात आणि जबडे सरळ करायचं काम करते. मुलाच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं खरं असू शकतं, पण त्यांनी तिसरी पायरी पहिली सांगितली. सासूबाईंचं म्हणणं या बाबतीत चुकीचं आहे. दुधाचे दात पडून होईपर्यंत थांबलात तर सगळ्यात सोपा काळ हातचा जाईल. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही जे सहज लिहिलंय, त्याची मला मुलाच्या घोरण्याइतकीच काळजी वाटते. त्यावर खाली वेगळं लिहिते.

आधी हे समजून घ्या की दातांच्या डॉक्टरचा नाकाशी संबंधच काय. दुमजली घर डोळ्यांसमोर आणा. खालच्या खोलीचा स्लॅब म्हणजेच वरच्या खोलीची फरशी. तोंड ही खालची खोली, नाक वरची, आणि मधला स्लॅब म्हणजे टाळू. स्लॅबच अरुंद पडला असेल तर वरची खोली ऐसपैस कुठून होणार? अशा मुलांचा टाळू नुसता अरुंद नसतो, उंचही असतो, देवळीच्या कमानीसारखा वर गेलेला. म्हणजे नाकाची जागा दोन्हीकडून खाल्ली जाते. आणि हवेचा हिशेब सरळ नसतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली की तिच्यातून वाहण्याला होणारा विरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो. नाक ही काही गुळगुळीत नळी नव्हे, त्यामुळे तिथे हे गणित जसंच्या तसं लागू पडत नाही. पण एक-दोन मिलिमीटरला नाकात एवढं मोल का असतं, ते यावरून कळेल.

दुसरी गोष्ट जिभेची. जीभ विसाव्याला टाळूला चिकटून राहायला हवी. टाळू अरुंद असला की तिला वर जागा मिळत नाही, मग ती खाली पडते, आणि उताणं झोपल्यावर मागे घशाकडे सरकते. खालचा जबडा लहान आणि मागे असेल तर जीभ आणखीच मागे. मुलाच्या छातीत जोर असतो, तो श्वास ओढतो, पण घशाची नळी मऊ असते. ओढलं की ती आत चिपकते. ओला कागदी स्ट्रॉ जोरात ओढून बघा, तसंच. थोडी चिपकली तर घोरणं. पूर्ण चिपकली तर काही सेकंद श्वास बंद, मग मेंदू दचकून उठवतो, मूल कूस बदलतं, मोठा श्वास घेतं आणि पुन्हा तेच. त्याला सकाळी यातलं काही आठवत नाही. तुम्हाला फक्त विस्कटलेली चादर दिसते.

मोठी माणसं अशा झोपेनंतर दिवसा पेंगतात. मुलं बहुतेक वेळा उलटं करतात: चुळबुळ, चिडचिड, अंगात आल्यासारखं वागणं. म्हणून शाळेतली तक्रार आणि रात्रीचं घोरणं या दोन वेगळ्या गोष्टी समजू नका. अंथरूण ओलं होण्याचाही कधी कधी याच्याशी संबंध असतो, नेहमी नाही.

आता कोंबडी आधी की अंडं, हा प्रश्न. नाक बंद म्हणून तोंडाने श्वास, तोंड उघडं म्हणून जीभ खाली, जीभ खाली म्हणून टाळू अरुंद, की मुळात घराण्यातूनच अरुंद टाळू आला म्हणून नाक बंद? आमच्या शास्त्रात यावर शंभर वर्षं भांडणं झालीत. कॅलिफोर्नियातल्या एगिल हारवोल्ड यांनी १९७०च्या दशकात माकडांच्या नाकपुड्या बंद करून पाहिल्या. माकडं तोंडाने श्वास घ्यायला लागली आणि त्यांचे जबडे बदलले, पण प्रत्येकाचे वेगळ्या तऱ्हेने. एकाच अडचणीतून प्रत्येकाने आपापली वाट काढली. मला हा प्रयोग क्रूर वाटतो, पण त्यातून निघालेली गोष्ट रोज खुर्चीत दिसते. तोंडाने श्वास घेणाऱ्या दोन सख्ख्या भावांचे चेहरेसुद्धा सारखे नसतात. त्यामुळे लांबट चेहरा, उघडे ओठ बघून कुणी लगेच निदान सांगत असेल तर घाई करू नका.

माझी स्वतःचीच गोष्ट सांगते. व्यवसायाला तीन-चार वर्षं झाली असतील. मिरजेकडची सात वर्षांची मुलगी, टाळू अरुंद, वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत चावणाऱ्या, घोरणं जोरात. मी मोठ्या उत्साहात टाळू रुंद केला. दाढा नीट बसल्या, फोटो सुरेख आले. दोन महिन्यांनी आई म्हणाली, 'मॅडम, दात छान झाले हो, पण घोरते ती तशीच.' तेव्हा मी बाजूने घ्यायचा एक्स-रे काढला. तो आधीच काढायला हवा होता. नाकाच्या मागे अडेनॉइडची गाठ एवढी मोठी, की मागचा रस्ता जवळजवळ बंद. मी दिवाणखाना मोठा केला होता आणि मागचं दार कुलूपबंद होतं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी अडेनॉइड काढल्यावर घोरणं थांबलं. त्या आईने मला काही म्हटलं नाही, पण तिने फुकट काढलेले ते दोन महिने माझ्या लक्षात आहेत. तेव्हापासून घोरणारं मूल आधी नाक-कान-घशाकडे, मग माझ्या खुर्चीत, हा नियम मी मोडलेला नाही.

म्हणून ताई, पहिली पायरी ती. अडेनॉइड आणि टॉन्सिल साधारण शाळेत जाण्याच्या वयात मोठे असतात आणि पुढे हळूहळू लहान होत जातात. पण 'वय वाढलं की आपोआप जाईल' म्हणून किती थांबायचं, हे घोरण्याच्या जोरावर ठरतं. अमेरिकेत २०१३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. झोपेत श्वास अडणारी ५ ते ९ वयाची ४६४ मुलं. निम्म्यांचे टॉन्सिल-अडेनॉइड काढले, निम्म्यांवर नुसतं लक्ष ठेवलं. सात महिन्यांनी पुन्हा तपासणी केली तर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोप सुरळीत झाली होती, आणि न झालेल्यांपैकी ४६ टक्के मुलांचीही. दोन्ही आकडे नीट वाचा. शस्त्रक्रियेने बहुतेकांना गुण आला, पण दर पाचांतलं एक मूल राहिलंच. त्या उरलेल्या मुलांमध्ये अरुंद टाळू आणि मागे राहिलेला जबडा शोधणं हे माझं काम.

आणि आपल्याकडे तिसरी भानगड असते, ती ॲलर्जीची. तुमचे मालक हळदीच्या पेठेत दिवसभर बसतात. संध्याकाळी सदऱ्यावर पिवळी भुकटी घेऊन घरी येतात आणि पोरगं धावत जाऊन मिठी मारतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर नदीकाठच्या कितीतरी घरांच्या भिंती वर्षभर सुकल्या नाहीत, बुरशी धरली. त्या दोन-तीन वर्षांत चोंदलेल्या नाकाची पोरं माझ्याकडे जास्त यायला लागली असं मला वाटलं. मोजून ठेवलं नाही, नुसता अंदाज. पण नाक आतून सुजलेलं असेल तर हाड रुंद करूनही सूज राहतेच. नाक-कान-घशाचे डॉक्टर नाकात मारायचा फवारा देतील तो सांगितला तितके दिवस नीट मारा. दोन दिवसांत गुण नाही म्हणून बाटली कपाटात टाकू नका. आणि बाबांनी घरी आल्या आल्या सदरा बदलला तर काही बिघडत नाही.

दुसरी पायरी झोपेच्या तपासणीची. रात्रभर अंगाला तारा लावून श्वास, ऑक्सिजन, मेंदूच्या लहरी मोजतात. तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो, तो आकडा त्यातून निघतो. मोठ्यांमध्ये पाचच्या खाली ठीक मानतात, मुलांमध्ये मात्र एकच्या वर गेला की दखल घ्यायची. दहाच्या वर म्हणजे मुलासाठी गंभीर. हा आकडा कळल्याशिवाय कुणीही 'घोरणं जाईल' असं वचन देऊ नये. निदान हे डॉक्टरांचं काम, आम्हा दातवाल्यांचं नाही. अमेरिकेतल्या दंतव्यंगतज्ज्ञांच्या, म्हणजे माझ्यासारख्या वाकडे दात सरळ करणाऱ्यांच्या, संघटनेने २०१९ मध्ये हेच लिहून काढलं: आम्ही संशय घ्यायचा, पुढे पाठवायचं, आणि निदान झाल्यावर आपल्या वाट्याचा उपचार करायचा. नुसतं 'पुढे घोरू नये' म्हणून धडधाकट टाळू रुंद करायचा नाही, हेही त्यांनी बजावलं.

सगळ्यांनाच तपासणीची सोय जवळ मिळत नाही, खर्चही असतो. तोवर एक काम घरी करा, ते माझ्या फार उपयोगाचं असतं. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान उठून मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. पहाटेच का? स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि मुलांचा श्वास बहुतेक त्याच झोपेत अडतो. रात्री दहाला घेतलेल्या व्हिडिओत मूल शहाण्यासारखं झोपलेलं दिसतं. बनियन छातीपर्यंत वर करा, म्हणजे श्वास ओढताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का ते दिसेल. मान मागे टाकून झोपलाय का, तोंड उघडं आहे का, आवाज मध्येच थांबून मग खर्रकन श्वास येतो का. पांघरूण सारखं करायचं नाही, कॅमेऱ्यासाठी त्याला सरळ करायचं नाही. आहे तसं.

माझ्याकडे आलात की मी काय करते, तेही सांगते. तोंड बघायच्या आधी मुलाशी दोन मिनिटं गप्पा मारते, कारण गप्पा मारताना ओठ मिटतात की नाही ते दिसतं. मग तोंडात बघायचा छोटा आरसा गार करून नाकपुड्यांखाली धरते. दोन्ही बाजूंना वाफेचे सारखे डाग पडतात का? एकीकडे डागच नाही, असं बरेचदा निघतं. मग पाण्याचा घोट तोंडात धरायला सांगते, गिळायचा नाही, दोन मिनिटं नाकाने श्वास घ्यायचा. ज्याला जमतं त्याचं नाक चालू आहे आणि तोंड उघडं ठेवणं ही बहुधा सवय. जो अर्ध्या मिनिटात डोळे मोठे करून बेसिनकडे पळतो, त्याला 'तोंड मीट' म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. म्हणूनच रात्री ओठांना चिकटपट्टी लावायची जी टूम मोबाइलवर फिरतेय, ती मुलांवर करू नका. बंद नाकाच्या मुलाचा एकमेव उघडा रस्ता आपण चिकटवून टाकतो.

मग तोंडात. टाळूचा आकार, वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत पडतात का, दाढा चावताना जबडा एका बाजूला सरकतो का, टॉन्सिल किती, जीभ वर उचलता येते की खालची दोरी आखूड आहे. आणि बाजूने एक्स-रे. सगळं धरून वीस-पंचवीस मिनिटं.

या सगळ्यातून निघालं की टाळू खरोखर अरुंद आहे, तर मग तिसरी पायरी, ती क्लिप. खरं तर तिला क्लिप म्हणू नये, दात सरळ करायच्या तारा वेगळ्या आणि ही वेगळी. दाढांना दोन्ही बाजूंनी घट्ट बसवलेल्या कड्या आणि मधोमध एक बारीक स्क्रू. टाळूचं हाड दोन फळ्यांचं असतं आणि मध्ये उभा सांधा. मुलांमध्ये तो सांधा अजून जुळलेला नसतो. स्क्रू फिरवला की दोन्ही फळ्या बाजूला होतात आणि मधल्या फटीत नवं हाड भरतं. ही कल्पना नवी नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एमर्सन एंजेल यांनी १८६० मध्येच एका मुलीच्या तोंडात स्क्रू बसवून दाखवला होता. हाड असं उघडेल यावर तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. मग १९६१ मध्ये अँड्र्यू हास यांनी ती पुन्हा चालीत आणली.

किल्ली फिरवायचं काम तुमचं. पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात थरथरतात. मुलाला मांडीवर डोकं ठेवून झोपवायचं, दुसऱ्याने मोबाइलचा उजेड धरायचा. स्क्रूला पुढच्या बाजूने एक भोक दिसतं. त्यात किल्लीचं टोक घालायचं आणि घशाच्या दिशेने हळू ढकलत न्यायचं, समोर पुढचं भोक पूर्ण दिसेपर्यंत. अर्ध्यात सोडलं तर दुसऱ्या दिवशी भोक सापडत नाही आणि मग मला फोन येतो. किल्ली काढतानाही मागे घशाकडे काढायची, पुढे ओढली तर फिरवलेलं परत येतं. आणि किल्लीला दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळायचा. हसू नका, गिळलेल्या किल्लीचा एक्स-रे मी बघितलाय.

एका फिरवण्यात पाव मिलिमीटर उघडतं. बहुतेकांना दिवसातून एक किंवा दोन वेळा, दोन-तीन आठवडे. मुलाला सहसा फारसं दुखत नाही, पण नाकाच्या मुळाशी आणि डोळ्यांखाली पाच-दहा मिनिटं दाब जाणवतो. पहिला आठवडा 'स' म्हणताना शिट्टी वाजते, लाळ गळते, आणि पोळीचा घास टाळूला चिकटून बसतो. आठ-दहा दिवसांनी पुढच्या दोन दातांमध्ये चांगली फट पडते. अगोदर सांगूनही आजी लोक घाबरून येतात: 'दात विस्कटले की!' अहो, तीच तर पावती आहे, मधला सांधा उघडल्याची. ती फट नंतर बहुतेक आपली आपण मिटते. फिरवणं थांबलं तरी स्क्रू तसाच सहा महिने तोंडात ठेवायचा, नवं हाड पक्कं होईपर्यंत. लवकर काढला की मागे सरकतं.

नाकाला किती मिळतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर स्क्रूवर सात मिलिमीटर उघडलं तरी नाकाच्या तळाशी त्याच्या निम्म्याहून कमी पोचतं. हाड पाचरीसारखं उघडतं, खाली जास्त, वर कमी. पण मघाचा सोळापटीचा हिशेब आठवा. २००४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन गिलेमिनॉ यांच्याबरोबर ३१ मुलांचा अभ्यास छापला. तासाला सरासरी बारा वेळा श्वास अडणारी मुलं टाळू रुंद केल्यावर चार महिन्यांत एकच्या खाली आली. हा आकडा जाहिरातींत फार फिरतो. जाहिरातीत पुढचं वाक्य नसतं: त्यांनी निवडलेल्या मुलांचे टाळू अरुंद होते, टॉन्सिल-अडेनॉइड मोठे नव्हते, मुलं लठ्ठ नव्हती, आणि तुलनेला उपचार न केलेला गट नव्हता. म्हणजे योग्य मुलं निवडली तर गुण भरपूर. सरसकट सगळ्यांना लावलं तर माझ्या त्या मिरजेच्या मुलीसारखं होतं. नंतरच्या अभ्यासांतही फायदा दिसलाय, पण मुलामुलांत फरक खूप.

वयाचं बोलायचं तर साडेआठ हे फार छान वय. सांधा वयात येताना जुळायला लागतो, मुलींचा मुलांच्या थोडा आधी. पंधरा-सोळानंतर साध्या स्क्रूने हाडाऐवजी दातच बाहेर कलतात. मग टाळूच्या हाडातच छोटे स्क्रू रोवून त्यांच्या आधाराने उघडावं लागतं किंवा शस्त्रक्रियेची मदत घ्यावी लागते. सासूबाईंना हे एवढंच दाखवा.

खालचा जबडा मागे असेल तर वेगळं साधन. त्यातलं आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं म्हणजे ट्विन ब्लॉक, स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये काढलेलं. वर-खाली दोन ठोकळे, तोंड मिटलं की जबडा पुढेच यावा असे कोरलेले. ते वाढीच्या वेगाच्या काळात चालतं, म्हणजे तुमच्या मुलाला अजून दोन-तीन वर्षं आहेत. पुढे जबडा आला की जिभेमागची जागा वाढते. झोपेवर त्याचा परिणाम चांगला दिसतो, पण पोरं ते रात्री काढून उशीखाली ठेवतात, ही त्यातली खरी अडचण.

नुसत्या तारांनी दात सरळ केले तर झोपेला काही होत नाही. उलट्या बाजूची भीतीही आहे: चार दात काढून तारा लावल्या की श्वासाचा रस्ता अरुंद होतो, असं व्हिडिओत सांगतात. दात काढल्यामुळे झोपेत श्वास अडायला लागतो असं आजवरच्या अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. कारण असेल तिथे मी दात काढते.

आता तुमच्या मालकांचं. त्यांना वरचं काहीच लागू नाही. त्यांचा सांधा जुळलाय, वाढ संपलीय. दिवसा बसल्या बसल्या झोप लागणं ही थकव्याची गोष्ट म्हणून सोडू नका. हातात स्टिअरिंग असताना लागली तर? ते घोरता घोरता एकदम शांत होतात आणि मग गुदमरल्यासारखे श्वास घेतात का, हे तुम्हालाच ठाऊक असणार. त्यांना स्वतःला हे कळत नसतं, त्यामुळे ते नाहीच म्हणणार. रक्तदाब, वजन, गळ्याचा घेर आणि झोपेची तपासणी, या क्रमाने फिजिशियनकडे जा. मोठ्यांची तपासणी घरीही करता येते, एक छोटं यंत्र बांधून.

तासाला तीसच्या वर श्वास अडत असतील तर नाकाला मास्क लावून हवेचा दाब देणारं सिपॅप मशीन हाच पहिला उपाय. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये जगासमोर आणलं आणि अजून त्याला तोड नाही. आकडा त्याहून कमी असेल, किंवा मशीन सहन होत नसेल, तर आमच्याकडे साधन आहे: झोपताना वर-खाली दातांवर चढवायचं, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं. दातांची मापं घेऊन बनवायचं आणि जबडा थोडा थोडा पुढे नेत जुळवायचं. बाजारात गरम पाण्यात मऊ करून चावायचं तयार साधन मिळतं, ते घेऊ नका. सकाळी जबडा आखडतो, लाळ सुटते, आणि वर्षानुवर्षं वापरलं तर दातांची ठेवण थोडी बदलते. हे आधी सांगणं माझं काम.

पण त्यासाठी दात घट्ट हवेत, आणि इथेच आपल्या भागातलं घोडं अडतं. तंबाखू, गुटखा, मिश्री. हिरड्या सोडलेल्या हलत्या दातांवर जबडा टांगता येत नाही. गुटख्याने तोंड दोन बोटंच उघडत असेल तर माप घ्यायचा ट्रेसुद्धा आत जात नाही. मालक बार भरत असतील तर त्यांना एकदा आरशासमोर उभं करा आणि तोंडात आपली तीन बोटं उभी बसतात का बघायला सांगा. नाही बसली तर घोरण्याच्या आधी तेच दाखवायला या.

कुठे जायचं म्हणाल तर नाक-कान-घशासाठी मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी डॉक्टर तर आपल्याकडे गल्लोगल्ली. टाळूच्या उपचारासाठी भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आणि कवलापूरचं वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय, दोन्हीकडे दंतव्यंगोपचाराचा विभाग आहे. महाविद्यालयात वेळ जास्त जातो, पैसे सहसा कमी.

मुलाचं नाक तपासून झालं आणि स्क्रू लावायचंच ठरलं तर दिवाळीच्या सुट्टीच्या सुरुवातीला लावा. फिरवायचे दिवस बरेचसे घरी निघतील आणि शाळा उघडेपर्यंत 'स'ची शिट्टीही गेलेली असेल. फराळातले लाडू कुस्करून द्या, चिवडा थोडा. चकली आणि भडंग मात्र त्याच्यासमोर खाऊ नका, कारण दाणा चावताना कडं सुटलं की ते चिकटवायला भाऊबीजेच्या दिवशी दवाखाना मलाच उघडावा लागतो.